नवी स्विफ्ट: मायलेज वाढलं, एअरबॅग वाढल्या, तरी गाडीवेडे नाराज का?

घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत एक ठरलेला संवाद होतो. वडील विचारतात, "किती देते?" आई विचारते, "मागे तिघं नीट बसतील ना?" आणि घरातला गाड्यांचा नाद असलेला मुलगा किंवा मुलगी विचारते, "इंजिन कुठलं आहे?"

मारुती सुझुकी स्विफ्ट ही अशी गाडी होती की जिच्यावर तिघांचंही एकमत व्हायचं. ९ मे २०२४ रोजी चौथ्या पिढीची स्विफ्ट भारतात आली आणि हे एकमत मोडलं. ग्राहकांनी गाडी उचलून धरली. मे २०२४ मध्ये ती देशातली सर्वाधिक विकली गेलेली कार ठरली. गाड्यांचा नाद असलेल्यांचा सूर मात्र वेगळा होता. "एक सिलिंडर काढून घेतला", "ताकद कमी केली", "आता ही फक्त ऑफिसला जायची गाडी झाली" अशा प्रतिक्रिया उमटल्या.

ही नाराजी खरी आहे की नुसती हौशी लोकांची कुरकुर? आणि स्वतःच्या कष्टाचे सात-आठ लाख रुपये घालणाऱ्या माणसाने तिच्याकडे किती लक्ष द्यावं? समजून घेऊया.

नेमकं काय बदललं?

सर्वात मोठा बदल बॉनेटखाली आहे. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टमध्ये के-सीरिजचं चार सिलिंडरचं १,१९७ सीसी पेट्रोल इंजिन होतं. २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ताकद जवळपास ९० पीएसवर गेली. नव्या गाडीत झेड-सीरिजचं इंजिन आहे. क्षमता तेवढीच, १,१९७ सीसी. पण सिलिंडर तीन.

कागदावरचा फरक असा:

- ताकद: आधी सुमारे ९० पीएस, आता सुमारे ८२ पीएस
- टॉर्क: आधी ११३ न्यूटन मीटर, आता साधारण ११२ न्यूटन मीटर
- मॅन्युअल गिअरचं प्रमाणित मायलेज: आधी लिटरला २२.३८ किमी, आता २४.८० किमी
- एएमटीचं प्रमाणित मायलेज: आधी २२.५६ किमी, आता २५.७५ किमी

बाहेरून बघायचं तर लांबी १५ मिलीमीटरने वाढून ३,८६० मिलीमीटर झाली. व्हीलबेस तेवढाच, म्हणजे २,४५० मिलीमीटर राहिला. मागच्या दाराचं हँडल आधी खिडकीच्या कडेला काळ्या पट्टीत लपवलेलं होतं, ते पुन्हा नेहमीच्या जागी दारावर आलं. सहा एअरबॅग, गाडी घसरू नये म्हणून काम करणारी ईएसपी यंत्रणा आणि पाचही सीटना तीन बिंदूंचे सीट बेल्ट या गोष्टी सर्वात स्वस्त मॉडेलपासून देण्यात आल्या. बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ६.४९ लाख रुपयांपासून सुरू होत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला, तेव्हा ती ५.७९ लाखांपर्यंत खाली आली.

गाडीवेड्यांचं स्विफ्टशी इतकं नातं का?

यासाठी थोडं मागे, २००५ मध्ये जावं लागेल. तोपर्यंत मारुतीची छोटी गाडी म्हणजे ८००, अल्टो, झेन, वॅगन आर. स्वस्त, टिकाऊ, घरगुती. मे २००५ मध्ये आलेली स्विफ्ट या रांगेत वेगळीच उठून दिसली. चाकं चारही कोपऱ्यांना, रुंद बांधा, काळे खांब आणि त्यावर तरंगल्यासारखं वाटणारं छप्पर. आत १.३ लिटरचं, ८७ बीएचपीचं पेट्रोल इंजिन. वळणावर गाडी घट्ट बसायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आनंदाने वर चढायचं.

२००७ मध्ये फियाटच्या तंत्रज्ञानाचं १.३ लिटर डिझेल इंजिन आलं आणि स्विफ्टचं वेड आणखी वाढलं. हेच इंजिन फियाट, टाटा, मारुती अशा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं, म्हणून त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जायचं. मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीने पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिनं घेण्याचा करार फियाटशी केला.

थोडक्यात, ज्याला दोन गाड्या परवडत नाहीत त्याच्यासाठी स्विफ्ट ही दोन गाड्यांचं काम करायची. सोमवार ते शनिवार ऑफिस आणि रविवारी पहाटे ताम्हिणी घाट. पहिली नोकरी लागल्यावर घेतलेली किंवा वडिलांकडून मिळालेली स्विफ्ट हीच अनेकांची गाडी चालवण्यातल्या मजेची पहिली ओळख होती. नाराजीचा सूर इतका वैयक्तिक का आहे, ते इथून कळतं.

ही तक्रार पहिलीच आहे का?

नाही. २०१० मध्ये १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन जाऊन १.२ लिटरचं के-सीरिज इंजिन आलं, तेव्हाही 'जुन्या इंजिनाची मजा गेली' असं म्हणणारे होते. त्यामागे कराचं गणित होतं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली होती. १,२९८ सीसीची स्विफ्ट त्या सवलतीत बसत नव्हती, १,१९७ सीसीची बसली.

२०१८ मध्ये तिसरी पिढी आली, तेव्हा 'पत्रा हलका झाला' ही तक्रार होती. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल इंजिनंच बंद केली, तेव्हा डिझेलवाले हळहळले.

गंमत म्हणजे २०१० मध्ये ज्या के-सीरिज इंजिनावर नाकं मुरडली गेली, त्याच घराण्यातलं इंजिन २०२४ मध्ये गेलं तेव्हा त्याच्या आठवणीने लोक हळवे झाले. म्हणून 'जुनं ते सोनं' हा भाग या प्रतिक्रियांतून थोडा वजा करूनच बघायला हवं. पण सगळी तक्रार तेवढ्याने निकालात निघत नाही.

तीन सिलिंडरचा त्रास नेमका काय?

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेऱ्या पूर्ण करतो तेवढ्या वेळात प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन जळतं. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो. तीन असतील तर दोन धक्क्यांमधलं अंतर वाढून दोन तृतीयांश फेरी होतं. म्हणजे धक्के कमी, पण प्रत्येक धक्का मोठा.

दुसरी गोष्ट तोलाची. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, त्यामुळे इंजिन आडवं डुलत नाही. तिनात अशी जोडी जुळत नाही आणि इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने वरखाली होऊ पाहतात. खालचे रबरी माउंट हा हेलकावा बराचसा शोषून घेतात, सगळा नाही. सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगवर किंवा सीटखाली जी हलकी थरथर जाणवते आणि जोरात पळवताना जो घरघरता आवाज येतो, तो यामुळे.

यात भर म्हणजे नव्या इंजिनाचा स्ट्रोक लांब आहे. पिस्टनला वरखाली जाण्यासाठी जुन्या इंजिनात ७१.५ मिलीमीटर अंतर होतं, नव्यात ते ९२.८ मिलीमीटर आहे. अशी इंजिनं कमी आरपीएमवर छान ओढतात, पण फार वर पळवायला नाखूश असतात. नवी स्विफ्ट चालवून पाहणाऱ्या बहुतेकांचं निरीक्षणही तेच आहे: शहरात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सहज पुढे जाते, पण महामार्गावर ट्रकला पटकन मागे टाकायचं असेल तेव्हा जुनीत वरच्या टप्प्यात जो दम होता, तो कमी पडतो.

ज्या माणसाला गाडी खेचून चालवायला आवडते, त्याच्या दृष्टीने नेमका हाच भाग महत्त्वाचा. तोच गेला.

मग तीन सिलिंडर म्हणजे वाईटच का?

इथे गाडीवेड्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद तपासून बघायला हवा. पुण्याजवळ चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा हळहळणाऱ्यांत हीच मंडळी आघाडीवर होती. शेवटच्या काळातल्या पोलोचं ११० पीएसचं एक लिटर टर्बो इंजिन तीन सिलिंडरचंच होतं. त्याच्या थरथरीबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं, कारण टर्बोमुळे मिळणारी ताकद ती थरथर विसरायला लावायची. याउलट, २०१० मध्ये पोलो भारतात आली तेव्हाच्या टर्बो नसलेल्या तीन सिलिंडर पेट्रोल इंजिनाला याच लोकांनी 'मरगळलेलं' म्हटलं होतं.

म्हणजे राग सिलिंडरच्या संख्येवर नाही, सौद्यावर आहे. एक सिलिंडर कमी केला तर बदल्यात काय दिलं? पोलोत ताकद मिळाली. स्विफ्टमध्ये मायलेज मिळालं.

खुद्द मारुतीकडे एक लिटरचं १०० पीएसचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि ते फ्राँक्समध्ये मिळतं. ते स्विफ्टमध्ये का नाही, हा गाडीवेड्यांचा नेहमीचा प्रश्न. परदेशात विकली गेलेली १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट भारतात कधीच आली नाही, ही जुनी खंतही आहेच. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर २०१७ मध्ये आलेली टर्बो इंजिनाची बलेनो आरएस काही वर्षांतच बंद करावी लागली होती. वेगवान छोट्या गाडीवर भरभरून बोलणारे खूप असतात. शोरूममध्ये जाऊन जादा लाख-दीड लाख मोजणारे थोडे निघतात.

कंपनीने हा सौदा का केला?

एक कारण कायद्याचं आहे. 'कॅफे' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेत ठेवावं लागतं. २०२२ पासून ही मर्यादा आणखी कडक होऊन किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमवर आली. मर्यादा ओलांडली तर दंड. हिशोब सरासरीचा असल्यामुळे सर्वाधिक खपणाऱ्या गाडीचं मायलेज थोडं जरी वाढलं तरी संपूर्ण कंपनीचं गणित सुधारतं. स्विफ्टचा खप वर्षाला जवळपास दोन लाखांच्या घरात आहे.

दुसरं कारण यांत्रिक. एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड आणि चार व्हॉल्व्ह कमी झाले की घर्षण कमी होतं आणि इंजिन हलकं होतं. एकूण क्षमता तीच ठेवून सिलिंडर तीन केले की प्रत्येक सिलिंडर साधारण ३०० सीसीवरून ४०० सीसीचा होतो, आणि मोठ्या सिलिंडरमध्ये भिंतींवाटे वाया जाणाऱ्या उष्णतेचं प्रमाण कमी असतं. त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी जास्त चालते.

तिसरं कारण ग्राहक. ९० पीएसचे ८२ पीएस झाले म्हणून गाडी न घेणाऱ्यांपेक्षा मायलेज बघून गाडी घेणारे कितीतरी जास्त आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये याच इंजिनावर सीएनजी स्विफ्ट आली. तिचं प्रमाणित मायलेज किलोला ३२.८५ किमी आहे.

मायलेजचा फायदा खरंच किती?

हिशोब मांडून बघू. समजा, तुमची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. जुन्या स्विफ्टला प्रमाणित आकड्यानुसार सुमारे ५३६ लिटर पेट्रोल लागेल, नवीला ४८४ लिटर. म्हणजे वर्षाला ५२ लिटरची बचत. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर साधारण ५,४०० रुपये, महिन्याला साडेचारशे.

हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे आहेत. पुण्यातल्या एआरएआय संस्थेच्या नावावरून लोक त्यांना 'एआरएआय मायलेज' म्हणतात. सिंहगड रोडच्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या गर्दीत दोन्ही गाड्या यापेक्षा कमीच देतील. पण दोघींमधला फरक साधारण तसाच राहील.

महिन्याचे साडेचारशे रुपये हा आकडा छोटा वाटतो की मोठा, यावरच तुम्ही या वादात कुठल्या बाजूला आहात ते ठरतं. रोज ४० किलोमीटर ये-जा करून हप्ता भरणाऱ्याला तो जाणवतो. महिन्यातून दोनदा मजेसाठी गाडी काढणाऱ्याला त्या बदल्यात गेलेला दम जास्त जाणवतो.

सुरक्षेवर बोलणं कमी का?

या सगळ्या चर्चेत जो मुद्दा सर्वात वर असायला हवा तो अनेकदा खाली राहतो. तिसऱ्या पिढीच्या भारतीय स्विफ्टला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश चाचणीत २०१८ मध्ये दोन स्टार मिळाले होते. निकष कडक झाल्यावर २०२२ मध्ये तिला एकच स्टार मिळाला. दोन्ही वेळा गाडीचा सांगाडा 'अस्थिर' ठरवण्यात आला. त्या वेळी सर्वात कठोर टीका करणाऱ्यांत गाडीवेडेच होते. आज सर्वसामान्य ग्राहक शोरूममध्ये "स्टार किती?" असं विचारतो, यात त्यांच्या वर्षानुवर्षांच्या आरड्याओरड्याचा वाटा आहे.

नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्या मॉडेलमध्ये आल्या, ही मोठी सुधारणा आहे. आधी अशा गोष्टींसाठी वरचं मॉडेल घ्यावं लागायचं आणि बजेट ताणता न येणारा माणूस त्यांना मुकायचा.

पण स्टारच्या बाबतीत एक गोंधळ टाळायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपकडून पाच स्टार मिळाले. मारुतीच्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. डिझायर आणि स्विफ्टचं इंजिन एक, पायाही एकच. म्हणून 'स्विफ्टही पाच स्टारच' असं सर्रास सांगितलं जातं. हे बरोबर नाही. रेटिंग त्या-त्या मॉडेलचं असतं, बहिणीचे स्टार आपोआप मिळत नाहीत. दुसरीकडे, याच पिढीच्या स्विफ्टला २०२४ मध्ये युरो एनकॅपने तीन, तर ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅपने एक स्टार दिला. तेही जसंच्या तसं आपल्या गाडीला लावता येत नाही. तिथली गाडी वेगळ्या बाजारासाठी बनलेली असते आणि तिथल्या निकषांत पादचाऱ्यांची सुरक्षा आणि अपघात टाळणाऱ्या यंत्रणांनाही गुण असतात.

बाकीच्या तक्रारींचं काय?

दिसणं: ज्याची त्याची आवड. मागच्या दाराचं हँडल दारावर आल्याने गाडीचा तोरा कमी झाला, असं अनेकांना वाटतं. पण जुन्या गाडीत मागे बसणारी आजी किंवा लहान मूल ते हँडल शोधत बसायचं, हेही खरं.

स्टिअरिंग: हलकं आहे, पार्किंगला सोपं. पण चाकाखाली रस्ता कसा आहे हे हाताला कळत नाही, ही तक्रार मागच्या पिढ्यांपासून चालत आली आहे.

जपानशी तुलना: तिथल्या स्विफ्टमध्ये माइल्ड हायब्रिड यंत्रणा आणि चारही चाकांना ताकद देण्याचा पर्याय मिळतो. भारतात दोन्ही नाही. किंमत आटोक्यात ठेवायची तर हे अपेक्षित होतं, तरी रुखरुख राहतेच.

मग गाडी घेताना यातलं काय लक्षात ठेवायचं?

नुसतं 'तीन सिलिंडर' ऐकून गाडी बाद करू नका, आणि नुसतं मायलेज ऐकून सही करू नका. टेस्ट ड्राइव्हला जाताना पुढच्या गोष्टी स्वतः तपासा:

१. एसी लावून गाडी दोन मिनिटं उभी ठेवा. स्टिअरिंग, सीट आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून थरथर किती जाणवते ते पाहा. रोज गर्दीत अडकणाऱ्याला हे महत्त्वाचं.

२. घरचे चौघं घेऊन जा आणि शक्य असेल तर चढावर चालवा. एकट्याने सपाट रस्त्यावर केलेल्या फेरीत ८२ आणि ९० पीएसमधला फरक कळत नाही. खंबाटकी घाटात भरल्या गाडीने कळतो.

३. मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा सांभाळून, तिसऱ्या गिअरमधून वेग वाढवून पाहा. तुम्ही महिन्यातून अनेकदा महामार्गावर जात असाल तर ओव्हरटेकची ताकद ही हौस नाही, गरज आहे.

४. एएमटी घेणार असाल तर बंपर टू बंपर गर्दीत चालवून पाहा. गिअर बदलताना बसणारा हलका झटका सगळ्यांना चालतोच असं नाही.

५. जुनी स्विफ्ट घेण्याचा विचार असेल तर २०२१ ते २०२४ मधली चार सिलिंडरची गाडी गाडीवेड्यांच्या पसंतीची आहे. पण त्यात सहा एअरबॅग नाहीत, आणि त्या पिढीचं क्रॅश रेटिंग वर दिलंच आहे. इंजिनाच्या प्रेमापोटी हा मुद्दा नजरेआड करू नका.

२०२४ मध्ये देशातली सर्वाधिक विकली गेलेली कार टाटा पंच होती. हॅचबॅक घेणारा ग्राहक छोट्या एसयूव्हीकडे सरकतोय, पोलो गेली, जॅझ गेली, फिगो गेली. चालवायला मजा देणारी आणि खिशाला परवडणारी अशी नावं एकेक करून कमी होत असताना स्विफ्टनेही मायलेजची बाजू निवडली, याचं वाईट वाटणं समजण्यासारखं आहे. मात्र ज्या घरात एकच गाडी येणार आहे, तिथे वडिलांचा आणि आईचा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्या दोघांना नव्या स्विफ्टकडे आधीपेक्षा चांगलं किंवा निदान तेवढंच चांगलं उत्तर आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चढावर, भरल्या गाडीत, स्वतः चालवूनच मिळवावं लागेल.